अंगावर पाजणारीचा रोजा

मार्तापुराच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या वस्तीत, बायकांना धर्मातलं काही अडलं की त्या गुरू हमसियाकडे जात. नदीत बुडी मारताना कानात पाणी गेलं, रोजा तुटला का? नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या पाण्यात पाल पडली, आता काय करायचं? हमसिया चष्मा कपाळावर सरकवायची, डोळे मिटून गप्प बसायची. उत्तर तिला आधीच ठाऊक असे. वडिलांनी धर्मनियमांची सगळी किताब तिच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती. पण झटकन दिलेल्या उत्तराला वजन नसतं, असं तिचं मत. खरं तर बायका वाट बघत बसलेल्या तिला आवडायच्या.

मग रायहाना आली. पलीकडच्या नावाड्याची सून, मदरशात शिकलेली, तिशीसुद्धा न गाठलेली. विचारलं की हसत हसत लगेच सांगायची. अडलंच तर बिनदिक्कत म्हणायची, हे मला नाही माहीत, हमसिया गुरूंना विचारा. यात मानच होता, पण हमसियाला वाटे, आपल्यापुढे उष्टं ताट सरकवलंय. गुरुवारी नमाजघरात बायका रायहानाभोवती कोंडाळं करून बसू लागल्या. एकदा तर कुणीतरी तिलाही गुरू म्हणालं. त्या रात्री हमसिया न जेवताच निजली.

रमजान लागला आणि हमसियाची भाची मस्तुरा तान्ह्याला घेऊन आली. रोज्यानं दूध आटत चाललं होतं, पोर दिवसभर किरकिरत होतं.

"मावशी, रायहाना म्हणते, सध्या रोजे धरू नकोस, मागाहून भरून काढ आणि गरिबाला तांदूळ दे. खरं का गं?"

वडिलांच्या किताबात अगदी हेच होतं. मस्तुरा आधी इथे आली असती तर हमसियानंही हेच सांगितलं असतं. पण सख्ख्या बहिणीची पोर, आणि आधी तिकडे गेली!

"तिला विचारून झालंय ना? मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"तुझ्या शब्दाशिवाय मला चैन पडत नाही, मावशी."

"मग ऐक. आम्हीही पोरं पाजत रोजे धरलेच. हल्लीच्या पोरींना नुसत्या सवलती हव्यात."

या वेळी तिनं ना चष्मा वर सरकवला, ना डोळे मिटले.

मस्तुरानं ऐकलं. आठवड्याच्या आतच भर दुपारी नदीकाठी बांधलेल्या धुण्याच्या तराफ्यावर कपडे धुता धुता ती भोवळ येऊन पाण्यात पडली. शेजारी धुणं धूत असलेल्या रायहानानं उडी टाकून तिला वर ओढलं, म्हणून वाचली. घरात नेऊन बायकांनी तिच्या तोंडात गोड चहा घातला. पोर भुकेनं टाहो फोडत होतं. हमसिया धावत आली तेव्हा एक म्हातारी विचारत होती, अशा अवस्थेत रोजा धरायला तुला सांगितलं कुणी?

मस्तुरानं मावशीकडे पाहिलं आणि म्हणाली, कुणी नाही, मीच धरला.

हमसियाचा जीव भांड्यात पडला. आता कुणाला कळायचं कारण नव्हतं. तेवढ्यात ओले केस पिळत रायहाना म्हणाली, "चूक माझीच. मी हिला नीट समजावून सांगायला हवं होतं."

बायका हळहळल्या. किती मोठ्या मनाची पोर, म्हणत एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. हमसियाच्या अंगाचा तिळपापड झाला. हिनं माझ्या बायका नेल्या, माझा मान नेला, आता माझी चूकही उचलून नेतेय, आणि वर शाबासकी!

"चूक तिची नाही," हमसिया म्हणाली. "माझी आहे. रोजा धरायला मी सांगितलं. किताबात तसं नाही, हे माहीत असून सांगितलं."

"पण का, गुरू?" म्हातारीनं विचारलं.

"ही आधी रायहानाकडे गेली म्हणून."

रायहानाच्या पाठीवरचा हात थांबला. कित्येक महिन्यांनी सगळ्या बायका फक्त हमसियाकडे बघत होत्या, आणि अल्ला माफ करो, तिला बरं वाटलं.