मामांच्या स्वयंपाकघराची फरशी

आधी बोटांची पेरं आपटायची, मग कान तिरका करायचा आणि निकाल द्यायचा: "पोकळ लागतंय." कोपरखैरण्याला आमच्या शेजारच्या घरात राहणारे मामा दिसेल ते असं वाजवून बघायचे. वाशीच्या फळबाजारात कलिंगडं उतरवण्यात आणि वाजवून पारखण्यात जन्म गेलेला, हाताला सवयच ती. एकदा माझं नवं कपाट वाजवायला लागले. मी म्हटलं, अहो मामा, त्यात साड्या आहेत.

तुम्ही म्हणाल, गमतीचा माणूस. होताच. पण त्या सवयीपायी काय झालं ते मी शेजारून पाहिलंय, म्हणून सांगते.

मामी साताऱ्याकडे गावी असायच्या. लग्न झाल्यापासून शेणानं घर सारवत आलेल्या. मामांनी इथं स्वतःचं घर घेतलं आणि ठरवलं, स्वयंपाकघरात टाइल्स बसवायच्या, मगच बायकोला आणायची. तिनं ऐसपैस खाली बसून भाकऱ्या थापाव्यात, सारवणाचं नाव नको. आणि गवंडीही नको.

"तिच्यासाठी हाय. मीच बसवणार."

कधी थापी हातात धरली नव्हती हो! पहिली ओळ भिंतीला धरून लावली. भिंतच वाकडी, त्यामुळे चुलीपर्यंत पोचेतो सगळी फरशी तिरपी. उपटली सगळी. मग कोणीतरी शिकवलं तसा मधोमध दोरा ताणला, टाइल्स बादलीत भिजत घातल्या, खाली सिमेंटचा माल पसरला. यावेळी ओळी सरळ आल्या. मला वाटलं, सुटले बिचारे.

कसले सुटतात! सुकल्यावर वाजवायला बसले. एक पोकळ लागली. खाली माल कमी पडला की वजनानं टाइल फुटते, हे खरं. पण ती काढताना शेजारची हलायची, मग तीही काढायची. सुट्टीचा दिवस आला की आमच्याकडे ठकठक ऐकू यायची.

गावाकडचा माणूस आला की मामींचा निरोप असायचा, कधी येऊ? मामा सांगायचे, दिवाळीला. दिवाळी गेली की गुढीपाडव्याला. मी वैतागून म्हटलंसुद्धा, मामा, आणा त्यांना, पोकळ तर पोकळ. ते हसायचे.

"एकच राहिलीय."

वर्षं गेली. शेवटी एकही टाइल पोकळ वाजेना, तेव्हा मामी आल्या. तोवर त्यांचे गुडघे गेले होते, खाली बसणं कधीच बंद झालेलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पाय फरशीला टेकवले आणि लगेच वर घेतले.

"लई गार लागतंय वो."

मामांनी बाजारातली गोणपाटं आणली आणि अख्खी फरशी झाकून टाकली. मी दारात उभी होते. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

पुढे मामींचं इथं मन लागेना. मामांनी काम सोडलं आणि दोघं गावी निघाली. आदल्या दिवशी मी चहा घेऊन गेले. मामी खुर्चीवर, मामा खाली गोणपाटावर. सवयीनं त्यांनी पेरं आपटली. गोणपाटावरून कसला आवाज येणार?

"तू जरा आधी यायला पायजे होतीस," ते म्हणाले.

मामींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"तुमी बोलावलं कुठं?"

मामांचा हात तसाच गोणपाटावर राहिला.