तेरावं पान

"हिला पाठवा. ही 'जय भीम' म्हणाली, की लगेच अंगठा उमटतो."

मोठ्या सरांनी भर मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं. खोलीत सात-आठ माणसं होती. समोशांच्या प्लेटा फिरत होत्या. सगळे हसले. मीही हसले.

सरांच्या त्या बोलण्याचा राग येतो. पण लाज वाटते ती माझ्या हसण्याची.

नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात मी या डॉक्टरसरांच्या हाताखाली नव्या औषधांच्या चाचणीचं काम बघत होते. रक्ताचा जुनाट कॅन्सर असलेल्या माणसाला रोज एक गोळी असते. तिच्या आधारावर तो वर्षानुवर्षं जगतो. आता त्या गोळीसोबत दुसरी, नवी गोळी देऊन बघायची होती. दोन्ही मिळून आजार आणखी दबतो का, एवढा प्रश्न. पेशंटला सगळं समजावायचं, त्याची संमती घ्यायची, मग दर महिन्याला काय त्रास होतो ते विचारून लिहायचं. हे माझं काम.

मी नागपूरच्या कडेच्या हुडकेश्वरची. कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तोंडून 'मला'ऐवजी 'मले' गेलं, तर सरांनी चारचौघांत माझी नक्कल केली. मी ते 'मले' घासून घासून काढलं. दोन वर्षांनी तेच सर म्हणाले, "पेशंटशी तू तुमच्या भाषेत बोल. त्यांचा विश्वास बसतो." मीटिंगमध्ये माझी भाषा हसण्याची, वॉर्डात कामाची. हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. पण साहेब खूश आहेत यातच मी खूश होते. खोटं कशाला बोलू?

गोमाजीकाका कुहीकडच्या एका खेड्यातून यायचे. सत्तरीचे. गावच्या विहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. रोज सकाळी विहार झाडल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. जुन्या गोळीवर त्यांचं बरं चाललं होतं.

मी खाटेजवळ गेले. हात जोडले. "जय भीम, काका."

त्यांचा चेहरा खुलला. "जय भीम, माय! आपली आहेस का वं तू?"

मी संमतीपत्र वाचायला घेतलं. पाचव्या पानावर त्यांनी मला थांबवलं. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "माय, मी नाही म्हटलं तं जुनी गोळी बंद करतीन का वं?"

उत्तर मला पाठ होतं. तेराव्या पानावर ठळक अक्षरात छापलेलं होतं. नाही म्हणालात तरी जुना उपचार सुरू राहील. मधेच सोडलंत तरी सुरू राहील.

मी म्हटलं, "काका, सर तुमच्या भल्याचंच पाहून राहिले."

एवढंच. खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. सरांना त्या आठवड्यात आणखी तीन माणसं हवी होती. दारात येऊन ते नुसते घड्याळाकडे बघून गेले होते. मी उरलेली पानं उलटली आणि शाईचा पॅड पुढे केला. अंगठा लावणाऱ्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. वाचन होईपर्यंत त्यानं समोर बसायचं असतं. आमच्याकडे लिफ्टमन नंतर येऊन सही करायचा. त्या दिवशीही त्यानं केली.

काकांनी अंगठ्याची शाई केसांना पुसली. "आपली पोरगी आहे म्हटल्यावर काय भ्याचं?" म्हणाले.

मग दर महिन्याला मी विचारायची, "काका, काही त्रास?" ते म्हणायचे, "काहीच नाही, माय." मी 'त्रास नाही' या चौकटीत खूण करायची आणि पुढच्या पेशंटकडे जायची.

चौथ्या महिन्यात त्यांच्या बायकोनं, सरूकाकूनं, मला पाण्याच्या नळाजवळ गाठलं.

"एक सांगू का, माय? मी सांगतलं म्हणू नको. दोन महिन्यापासून दम लागते त्यायले. आडवं पडता येत नाही, बसून राहते. विहार झाडणंबी सुटलं."

"मग सांगत काहून नाही ते?"

"त्रास सांगतला तं काढून टाकतीन म्हणते. अन् जुनी गोळीबी जाईन म्हणते."

नवी गोळी वाईट होती असं नाही. काहींना तिचा गुणही आला. पण कुणाकुणाच्या छातीत पाणी होऊ शकतं, हेही कागदावर होतं. म्हणूनच तर दर महिन्याला विचारायचं. माणूस दम कोंडून 'काहीच नाही' म्हणत होता, आणि त्याचं तोंड मी बंद केलं होतं. एका जय भीमनं उघडलेलं तोंड.

मी लगेच काकांची छाती तपासायला लावली. पाणी निघालं. सर केबिनमध्ये चिडले. "आधी का नाही सांगितलं यानं? या लोकांना काही समजतच नाही."

"त्यांना समजत होतं, सर. मीच सांगितलं नव्हतं."

"हळू बोल. फॉर्मवर त्रासाची तारीख आजची टाक. आणि वॉर्डात एक नवीन बाई आल्यात, तुमच्यातल्याच. जा, जय भीम म्हणून ये."

"मले नाही जमत."

"काय?"

"मी जात नाही, सर. अन् तारीख दोन महिन्यांपूर्वीचीच पडेल."

मी केबिनमधून निघाले ती थेट काकांच्या खाटेशी गेले. तेरावं पान मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल असं.

काकांनी पूर्ण ऐकलं. "हे तवाच लिहेलं होतं?"

"हो."

"अन् तुले मालूम होतं?"

"हो, काका."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. घरी जाताना काकूनं हात जोडले. काकांनी नाही.

नवी गोळी थांबली. जुनी चालू आहे. काकांचा दम कमी झालाय, पण विहाराची किल्ली त्यांनी दुसऱ्याकडे दिली. माफी मागायला मी अजून गेलेले नाही. मागितली तर ते देतीलही, आणि मग मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाही.

चाचणीवर नजर ठेवणाऱ्या नीतिसमितीला मी पत्र दिलंय. गुन्हेगार म्हणून पहिलं नाव माझं. दुसरं सरांचं. मी ज्यांचे ज्यांचे अंगठे घेतले, त्या सगळ्यांना पुन्हा बोलवा, नाहीतर मी घरोघरी जाऊन वाचून दाखवीन, असंही लिहिलंय. नोकरी गेली तर जावो.

यापुढे कुणाच्याही खाटेपाशी मी आधी जय भीम म्हणणार नाही. आधी तेरावं पान वाचीन. ते ऐकून समोरच्यानं जय भीम म्हटलं, तरच मीही म्हणेन.