चौदा नंबरचा सेन्सर

सिद्धोधन खंदारे म्हणजे परभणीतला एक नंबरचा संशयी माणूस. एकतीस वर्षं सरकारी भांडारात भांडारपाल होते. खुर्ची येवो, पंखा येवो, साधी बादली येवो, आल्याबरोबर तिच्या बुडाला लाल ऑइलपेंटनं नंबर पडायचा आणि तोच नंबर डेडस्टॉक रजिस्टरात चढायचा. "नंबर न्हाई ती वस्तू आपली न्हाई," असं ते नव्या कारकुनांना बजावत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरातल्या ताटांना नंबर, छत्रीला नंबर. एकदा तर गॅस सिलिंडरवर नंबर टाकायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, धम्मशीलाबाईंनी, रंगाचा डबाच हातातून ओढून घेतला होता.

जगात भरवशाची माणसं दीडच, असं ते म्हणत. अर्धी धम्मशीलाबाई, कारण ती उसनी साखर देते आणि कुणाला दिली ते विसरते. आणि अख्खा एक, महारुद्र.

महारुद्र वालूरचा. शाळेत दोघं एकाच बाकावर. त्या काळी सिद्धोधनच्या तांब्याला वर्गातलं कुणी हात लावत नसे. तेव्हा ह्या गड्यानं मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत तोच तांब्या तोंडाला लावून पाणी पिलं, आणि घरी जाऊन बापाचा मार खाल्ला. पुढं पुण्यात वीस वर्षं भारी गाड्यांचं काम शिकून त्यानं जिंतूर रोडला गॅरेज टाकलं. आई-वडील गेल्यावर खंदारे साहेबांना 'सिध्या' म्हणणारा तो एकटाच उरला होता.

धम्मशीलाबाईंनी पालमच्या शाळेत नोकरी केली ती एसटीत उभं राहून. तिला एकदा आलिशान गाडीत चामड्याच्या सीटवर बसवायचं, हे सिद्धोधनरावांच्या मनात कधीचं होतं. निवृत्तीचे पैसे हातात आले आणि त्यांनी पुण्याहून नऊ वर्षं वापरलेली, परदेशी बनावटीची पांढरी उंच गाडी आणली. नऊ लाखांत! महारुद्रानं बोनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"सिध्या, ही स्वस्त न्हाई. इकणाऱ्याला पोसवंना म्हणून इकलीय. पांढरा हत्ती हाय ह्यो."

"तू हायस की."

"मी हाय. तुझ्याकडून मजुरी घेणार न्हाई. पण पार्ट काय माझ्या घरचे न्हाईत, बाबा."

दुसऱ्याच महिन्यात एका सकाळी गाडी अंगणात म्हशीसारखी खाली बसलेली. तिला उचलून धरणारा हवेचा कॉम्प्रेसर गेला होता. बहात्तर हजार! सिद्धोधनरावांनी पैसे दिले. घरी येऊन पुण्याच्या एका दुकानात फोन लावला, तर तिथं तोच पार्ट चौसष्ट हजारांत. तो अस्सल की नक्कल, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आठ हजार गेले कुठं, एवढंच डोक्यात बसलं. मजुरी सोडतो म्हणजे पार्टात खातो! आज आठ हजार खाल्ले, उद्या माझा चांगला पार्ट काढून दुसऱ्याच्या गाडीला लावायला याला कोण आडवंय?

सकाळी त्यांनी बोनेट उघडलं, बारीक ब्रश घेतला आणि एकेका पार्टावर लाल नंबर टाकत सुटले. वरून दिसणारा नंबर चोर आधी पुसतो, हा भांडारातला अनुभव. म्हणून इंजिनात जाणारी हवा मोजणारा जो सेन्सर असतो, त्याचा प्लग ओढून त्यांनी आतल्या बाजूनं १४ घातला आणि प्लग परत दाबून बसवला.

"आवो, हे काय करायलाव?" धम्मशीलाबाईंनी विचारलं.

"पार्ट बदलायलेत का ते कळावं म्हणून."

"कोण बदलायलंय? महारुद्र भावजी?" बाई तिथंच थांबल्या. "गाडी दुसरी मिळंल. त्यांचं मन एकदा मोडलं तर ते कुठल्या दुकानात मिळायचं न्हाई, सांगून ठेवते."

"मी कुठं कुणाला काय म्हणलो?" असं पुटपुटत सिद्धोधनरावांनी वहीत नोंद पूर्ण केली. एकूण तेवीस नग.

आठवडाभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. गाडीनं दम सोडला, चाळीसच्या वर सरकेना. महारुद्रानं बिघाड दाखवणारं मशीन लावून पाहिलं, हवेचा तो सेन्सर नवा टाकला, एकोणीस हजार घेतले. दिवा गेला. सिद्धोधनरावांनी घरी येऊन नव्या सेन्सरवरही आतून १४ टाकला, रीतीप्रमाणं. चौथ्या दिवशी दिवा परत हजर.

या खेपेला महारुद्रानं गाडी अर्धा दिवस ठेवून घेतली, हसून परत दिली आणि "पैसे नको, किरकोळ होतं," म्हणाला. पैसे नको? सिद्धोधनरावांचा संशय बळावला. फुकट कोण करतं हो या दुनियेत? घरी येऊन त्यांनी प्लग ओढला, चष्मा पुसून पाहिला. चौदा नंबर गायब! सापडला चोर! निदान हा तरी बदलला जाऊ नये म्हणून त्यांनी तिथं ठसठशीत १४ पुन्हा काढला, वही काखेत मारली आणि गॅरेज गाठलं. वाटेतच पिवळा दिवा लागला.

गॅरेजवर बोरीचे दोन शेतकरी जीप घेऊन बसले होते. त्यांच्यासमोरच सिद्धोधनरावांनी तोंड सोडलं.

"माझा एकोणीस हजाराचा सेन्सर कुणाला इकलास? नंबर टाकला होता मी त्याच्यावर! बालपणीचा दोस्त म्हणून गळा कापायलास का?"

महारुद्रानं बोनेट उघडलं, प्लग काढला आणि बॅटरीचा उजेड आत पाडला. ओला लाल रंग ओघळून तारांच्या पितळी टोकांवर बसला होता. त्यानं चिंधीला औषध लावलं, टोकं हळूहळू पुसली, प्लग बसवला आणि मशीन लावून दिवा घालवला. गाडी चालू केली. आवाज कसा, लोण्यासारखा.

"पयल्या बारीला वाटलं, जुन्या मालकाचं काहीतरी सांडलं असंल," तो चिंधीकडं बघत म्हणाला. "दुसऱ्या बारीला चौदा वाचला. अक्षर वळखीचं. म्हणलं, असू द्या, सवय हाय. पुसलं आन् दिलं. तुमाला सांगितलं असतं तर तुमालाच वाईट वाटलं असतं."

सिद्धोधनराव पुढं सरकले. "महारुद्रा, अरे, मी..."

"मजुरी दोनशे झाली. जुना सेन्सर आन् जुना कॉम्प्रेसर डिकीत ठिवलेत. मोजून घ्या." एवढं बोलून तो बोरीवाल्यांच्या जीपखाली सरकला. सिद्धोधनरावांनी दोनशे रुपये पान्ह्याखाली दाबून ठेवले. जरा वेळ तिथंच उभे राहिले, पण जीपखालून नुसते पाय दिसत होते.

घरी धम्मशीलाबाई दारातच होत्या. "झाली का दुरुस्त?"

"झाली. एकदम."

"मग तोंड असं का? भावजी काय म्हणले?"

सिद्धोधनराव पायरीवर बसले. वही अजून काखेतच होती.

"मला 'तुमी' म्हणला."