पाराकाकाचे वीस वजा

लालबागच्या आमच्या चाळीत, समोरच्याचा हात दिसला की त्याला पट्टा आवळणारा एक इसम राहत होता. आपण नमस्काराला हात जोडावेत, तर हा त्यातला डावा सोडवून घ्यायचा आणि दंडाला रबरी पट्टा गुंडाळायचा. एकदा दुपारभर कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने गॅलरीच्या खांबाला पट्टा आवळून 'एकशे सत्तर' जाहीर केलं आणि खांबाला मीठ वर्ज्य करायला सांगितलं, असं दुसऱ्या मजल्यावरचे लोक शपथेवर सांगत. मी तो खांब पाहिला आहे. त्यानंतर तो जरा वाळलाच होता.

या इसमाचं खरं नाव फक्त पोस्टमनला माहीत होतं. चाळ त्याला पाराकाका म्हणे. उभा जन्म एका कापड गिरणीत टाइमकीपर म्हणून गेला. कामगार दोन मिनिटं उशिरा आला तर हा त्याचा अर्धा दिवस कापायचा, आणि स्वतः वीस मिनिटं उशिरा पोचला की 'गेटावरचा घड्याळ पुढे आसा' असा शेरा मारून मोकळा व्हायचा. दुसऱ्याच्या नावावर चढवायचं आणि आपल्या नावावरून उतरवायचं, एवढंच गणित त्याला येत होतं. तेवढ्यावर त्याने पेन्शनीपर्यंत मजल मारली.

रिटायर झाल्यावर धाकात ठेवायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्याने चोरबाजारातून ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र पैदा केलं. फणसवाडीतले कोणी म्हातारे डॉक्टर वारले, त्यांचं सामान विकायला निघालं होतं, त्यातलं ते. लाकडी पेटी, झाकणाला उभी काचेची नळी, नळीत पारा, दंडाला बांधायचा पट्टा, दाबायचा रबरी गोळा आणि डॉक्टर कानात घालतात ती नळी. त्या काळात असलं यंत्र घरात असणं म्हणजे घरी तोफ असणं. आणि ती या माणसाच्या हातात!

तोफ डागायची जागाही त्याने हेरून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच त्याचं स्टूल. खालून पाण्याच्या दोन बादल्या घेऊन माणूस धापा टाकत वर आला की त्याला धरून स्टुलावर बसवायचा. पट्टा सदऱ्याच्या बाहीवरूनच. हात लोंबकळलेला, पाय अधांतरी, पोटात नुकताच ढोसलेला चहा. वर तोंडाची टकळी सुरू: "पोरगो पास झालो? नाय? परत नापास? बायल माहेराक गेली, ती भांडून मगे?" या प्रश्नांनी दगडाचाही पारा नळी फोडून बाहेर आला असता. त्यात त्याला डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि उजव्याने ऐकायची इच्छा नसे. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा. पण विरेपर्यंत थांबणार कोण? खालच्या आकड्याचं विचारलं की म्हणे, "वयलो आकडो आपलो. खालचो तळमजल्यावाल्यांका."

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आणि मोर्चे सुरू झाले, तसे त्याला सुगीचे दिवस आले. घोषणा देऊन घसा बसलेली, लाठ्या चुकवत धावत आलेली माणसं तो ओळीने मोजायचा. सगळेच दोनशेवर. त्याने दिल्लीला पोस्टकार्ड टाकलं: 'आमच्या चाळीचा पारा दोनशे वीस. मुंबई द्या, नाहीतर नळी फुटेल.' उत्तर आलं नाही, तरी राज्य मिळालं ते या कार्डामुळेच, अशी त्याची ठाम समजूत होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण त्याने माझ्या आईला धरलं. ती बाजारातून वर आली होती, हातात पिशव्या. "वयनी, दोनशे दहा! मीठ सोड. नायतर गणपती बघूक मिळाचो नाय."

आईने मीठ सोडलं. कोकणातली बाई, बांगड्याच्या कालवणात मीठ नाही! चार महिन्यांत ती निम्मी झाली. ट्रंकेची चावी माझ्याकडे दिली, नथ कोणाला द्यायची ते सांगितलं आणि मरण्याआधी सून बघायची म्हणून मला ओळीने सात मुली दाखवल्या. आठवी बघायला मी नकार दिला तेव्हा ती रडली. आई आयुष्यातून उठत चालली होती, आणि हा स्टुलावर बसून चहा पीत होता.

शेवटी मी लीलाताईंना बोलावलं. त्या समोरच्या चाळीत राहत, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. नुकतंच बौद्ध झालेलं त्यांचं कुटुंब. पाराकाकाचं यंत्र अख्खा लालबाग फिरलं, पण मधली गल्ली ओलांडून त्या चाळीत कधी गेलं नव्हतं. कारण विचारलं तर "पारो हललो तर?"

लीलाताईंनी तेच यंत्र गॅलरीत मागवलं. आईला पाठ टेकायच्या खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकवले, बाही वर केली, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवला. "आई, पाच मिनिटं काही बोलायचं नाही." मग मोजलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं.

"एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. छान आहे. पण एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवत नाहीत. उद्या, परवा पुन्हा बघू."

"आणि मीठ गो?"

"जेवणात घाला. लोणचं-पापड जरा हात राखून."

आई तिथेच रडायला लागली. मग लीलाताई वळल्या. "काका, आता तुम्ही बसा."

सगळी गॅलरी बघत होती, म्हणून बसला. पाच मिनिटं गप्प राहताना त्याचा चेहरा बाळंतकळा सोसणाऱ्या बाईसारखा झाला होता. आकडा आला: एकशे नव्वद, एकशे दहा. पुन्हा मोजलं. तोच.

"ह्यातले वीस जिन्याचे वजा," पाराकाका म्हणाला.

"काका, तुम्ही सकाळपासून जिना उतरलातच कुठे?"

"मगे ते कालच्या जिन्याचे. वीस कालच्या मोर्चाचे. धा चायचे. ऱ्हवले एकशे चाळीस. तरण्या पोराचो आकडो!"

"आणि खालचा?"

"तो तळमजल्यावाल्यांका."

"पाऱ्याला वजाबाकी येत नाही, काका. उद्या हॉस्पिटलात या. सर्पगंधेच्या गोळ्या देतील. हे थट्टेवारी न्यायचं नाही."

त्याने पेटी मिटली. हॉस्पिटलात गेला नाही. लीलाताई वाटेत भेटल्या की विचारत, मी सांगितलं, आईने हात जोडले. तो रोज वहीत स्वतःचा आकडा लिहायचा, वीस वजा करून.

राज्य मिळालं त्या आठवड्यात गॅलरीत तोरण बांधताना, तोंडाने घोषणा चालू असताना, तो स्टुलावरून खाली आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर लीलाताई रोज संध्याकाळी गल्ली ओलांडून येत. त्याच्याच यंत्राने मोजत. पाठ टेकलेली, हात उशीवर, तोंड बंद. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा सगळे नियम पाळले होते. वही माझ्याकडे दिलेली. मला त्याची दया येत नव्हती. आईचे चार महिने मी विसरलो नव्हतो.

"एकशे ऐंशी, शंभर," लीलाताई म्हणाल्या.

त्याने डावा हात उचलला. दोन बोटं. ती माझ्याकडे बघत हलवली.

लीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरांच्या कागदावर खरा आकडा मी लिहिते. त्यांची वही तुमच्या हातात आहे."

मी एकशे साठ लिहिलं आणि वही त्याच्यासमोर धरली. गेटावरचं घड्याळ पुढे असल्याची खात्री झाल्यासारखे त्याने डोळे मिटले. तो गेला त्या दिवशीपर्यंत मी असंच लिहीत राहिलो. शेवटचा आकडा, वहीप्रमाणे, अगदी उत्तम होता.

आता माझ्याही घरी यंत्र आहे. बटण दाबायचं, आकडे समोर. मी पाच मिनिटं गप्प बसतो, पाय टेकतो, हात टेबलावर. परवा एकशे सत्तर आले. बायकोने विचारलं, "किती?"

"एकशे पन्नास," मी म्हणालो. "वीस जिन्याचे."

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे.