आईचा ओंडका

कुणाच्याही घरी गेले की भिंगकाका आधी खिडकीचा कट्टा बघत, मग माणसं. हातात आलेली प्रत्येक वस्तू उलटी करून बूड तपासत. एकदा चहाचा कप तपासला, चहासकट. काचेला फडकं लावत नसत, जुना बनियन लावत. दुकानात नेहमी शेजारच्या वस्तूची चौकशी करत. खरोखर हवी असलेली वस्तू दिसली की तिच्याकडे पाठ करून बसत. आणि आपल्या खोलीचा जिना चढताना मोठ्यानं खोकत, जणू आत कुणी आहे. आत कुणी नव्हतं. लग्नाचं विचारलं तर म्हणत, "घरात काच आहे हो."

काच होती हे खरं. चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, ते चाकावर भिंगं घासत. उरलेल्या आयुष्यात विलायती फुलदाण्या जमवत. सगळ्या नव्हे. साठच्या दशकात तिकडे झाडाची साल लावलेल्या साच्यात काच फुंकत, त्या. काच उकळती, साल लाकडाची. प्रत्येक नगागणिक साचा थोडा जळायचा. म्हणून सुरुवातीच्या नगांवरची साल बोटाला टोचते, नंतरच्यांवरची मऊ पडत जाते. काकांना टोचणारीच हवी असे. अशा फार थोड्या उरल्यात. काकांच्या फळीवर नारिंगी होती, निळी होती, शेवाळी होती. राखाडीत जांभळी झाक असलेली नव्हती.

ती ताईंकडे होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई शिवणकाम करायची. घर सोडून चाललेल्या एका गिऱ्हाइकिणीनं आईला ती फुलदाणी देऊन टाकली. घरात तिला सगळे 'ओंडका' म्हणत. आई गेली, ओंडका ताईंकडे गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याच्यात डाव, चमचे आणि एक मोडकी कात्री उभी असे. काका दर रविवारी जेवायला जात आणि खिडकीकडे पाठ करून बसत.

"इकडे बस ना, वारा येतो."

"इथंच बरं आहे."

"बस बाबा. तुझं आपलं काहीतरी वेगळंच."

मागावं, एवढी साधी गोष्ट होती. पण जमवणाऱ्या माणसाची जीभ वेगळ्याच शिस्तीत वाढलेली असते. हवं ते दाखवायचं नाही. काकांना परक्यापुढे पाळायची ती शिस्त सख्ख्या बहिणीपुढेही सोडता आली नाही. वर्षानुवर्षं त्यांनी ताईंच्या हातचं जेवण जेवलं आणि मानेमागच्या वस्तूची आस धरली.

मग ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, घरात अंधार, भाऊ सोबतीला. त्या दिवसांत काकांनी ओंडका बदलला. नव्या साच्यातली नक्कल त्यांनी कधीच आणून ठेवली होती. रंग जवळपास तोच. बूड मात्र कोरं होतं. ते त्यांनी दुकानातल्या चाकावर हलकेच घासून जुनं केलं. डाव, चमचे, कात्री, सगळं होतं तसं उभं केलं. खरा ओंडका बनियनमध्ये गुंडाळून घरी नेला.

ताईंच्या नव्या चष्म्याची भिंगं काकांनीच घासली. ताईंनी चष्मा लावला, घरभर फिरल्या.

"काय रे बंड्या, जादू केलीस! भिंती नव्या, भांडी नवी. अगं बाई, ओंडकासुद्धा नवा दिसतोय की!"

काका घटाघटा पाणी प्याले.

पण घरी तो फळीवर मांडता येईना. ताई कधीही टपकत. म्हणून तो कपाटात, कुलपात. ज्याच्यासाठी जीव टाकला तो कुणाला दाखवायची सोय नाही, आणि स्वतः बघायचा तर दार लावून, चोरासारखा. तो बोटाला टोचत होता. आनंद काही होत नव्हता.

काकांनी हे एकाच व्यक्तीला सांगितलं. दुकानाच्या काउंटरवर एक मुलगी होती. साहित्य शिकून चष्म्याच्या फ्रेमा विकत होती. दोघांची दोस्ती होती. तिला वाटलं, काका गोष्ट रचतायत. ती हसली. काका हसले नाहीत.

"मग परत देऊन टाका ना."

"काय सांगून?"



काकांच्या वाढदिवसाला ताई जिना चढून आल्या त्या रडतच. हातात कापडी पिशवी. पिशवीतून किणकिण.

"तुझ्यासाठी आणत होते रे. म्हटलं, तुला काचेचं एवढं वेड, आईचा ओंडका तुझ्याकडेच शोभेल. माझ्याकडे मेले चमचे ठेवायला! आणि बसमधून उतरताना एका धटिंगणाचा धक्का लागला..."

काकांनी पिशवीत बघितलं. नकलेचे तुकडे. दहा पावलांवर कपाट होतं. तेव्हा बोलायला हवं होतं.

"जोडशील ना? तुझ्या हातात कला आहे. जोड, आणि तुझ्याचकडे ठेव."

काका हो म्हणाले.

दुकानातला एक डिंक असतो. निळ्या दिव्याखाली धरला की दगडासारखा पक्का होतो. तो त्यांनी आणला. आता रविवारी ताई त्यांच्याकडे येऊ लागल्या. काका डिंक लावत, ताई तुकडा धरून बसत आणि आईच्या गोष्टी सांगत. काकांनी आठवडाभर बसून तो जोडून टाकला असता. पण जोडून झाला की फळीवर मांडावा लागणार. आयुष्यात एकही नक्कल त्यांनी फळीवर ठेवली नव्हती, आणि आता ताई तिला हात जोडणार होत्या. म्हणून काम रेंगाळत गेलं. एका रविवारी एकच तुकडा.

"एखादी बाई एवढ्यात दुसरं मूल जन्माला घालते रे!"

"काच आहे ताई. घाई चालत नाही."

एकदा मात्र त्यांनी धीर केला.

"ताई, तुला एक सांगायचंय."

"आधी तुकडा बसू दे. बोललास की हात हलतो तुझा."

तुकडा बसला. तोवर धीर गेला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. दुकानात, चाकासमोर, स्टुलावर बसल्या बसल्या. चाक फिरत होतं. मागच्या खोलीतून भिंगाचा आवाज येईना म्हणून काउंटरवरची आत गेली.

खोली आवरायला ताईंबरोबर तीच आली. काकांच्या किल्ल्या दुकानातच राहिल्या होत्या, त्या तिच्याकडे होत्या. सामानावर घालायला चादर हवी म्हणून ताईंनी कपाट उघडायला लावलं. वरच्या खणात ओंडका उभा होता. अखंड.

ताई बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी तसाच दुसरा हुडकून आणला वेड्यानं. काय वणवण केली असेल! मला हेच सांगायचं असणार त्याला. आणि मी मेलीनं बोलू दिलं नाही."

मुलीनं तोंड उघडलं. ताई रडत होत्या, आणि रडता रडता हसतही होत्या. तिनं तोंड मिटलं.

"हा तू ठेव. तुझ्यावर जीव होता त्याचा. मला आपला आईचाच हवा. फुटका तर फुटका. आईचा हात लागलाय त्याला, शेवटी भावाचाही."

खरा ओंडका तिच्या हातात देऊन ताई टेबलाकडे वळल्या. नक्कल तिथं खांद्यापर्यंत जुळून उभी होती. काठाचे तुकडे भिंगांच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर मार्करनं खूण. दोन तुकडे नुसतेच चिकटपट्टीनं एकमेकांना धरलेले. त्यांना डिंक लागायचा होता.