चुलत दिराचं रिकामं घर

आमच्या गावावरचं प्रेम पाहायचं असेल तर गावात येऊ नका, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या. सुरत, नाशिक, पुण्याहून रोज सकाळी तिथे मातीच्या आठवणीने गळे दाटून येतात. खरं गाव सोनगीरवरून आत वळलं की लागतं. दारोदार कुलपं, आणि आम्ही दहा-बारा म्हातारी माणसं. मी इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. शाळेत चार पोरं उरली, आता ती बंद होणार असं कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

आदल्या पावसाळ्यात चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा पुरात वाहून गेला होता. तिथली पाच कुटुंबं अजूनही धुळ्यात एका मंगल कार्यालयात पडून होती. मी ग्रुपवर लिहिलं, घरं रिकामी आहेत, किल्ल्या पाठवा, यांना इथे आणू. एरवी उतू जाणारा ग्रुप दोन दिवस गप्प. मग सुरतेच्या माझ्या चुलत दिरांनी किल्ली पाठवली, सोबत भूमातेच्या ऋणावर हा एवढा मोठा मेसेज. झालं, बाकीच्यांनाही चेव चढला. पाचही कुटुंबं आली.

दिरांच्या घरात तीन मुलांची एक बाई राहायला आली. घर धाब्याचं, म्हणजे वर सपाट मातीचं छप्पर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती टाकावी लागते, नाहीतर घर गळून गळून बसतं. दिरांनी कित्येक वर्षांत मूठभर टाकली नव्हती. त्या बाईने नवऱ्याबरोबर डोक्यावरून पाट्या वाहून ती टाकली, भिंती लिंपल्या, जमीन सारवली. तिची तिन्ही पोरं शाळेत बसली. मी तर गावभर मिरवत होते बाई, जणू मीच डोक्यावरून माती वाहिली!

श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली कुलदेवी, बसवायला दीर आले. एरवी धुळ्याला लॉजवर उतरून दर्शनापुरते यायचे. यंदा म्हणाले, घरातच बसवू. ती बाई कुणी न सांगताच दोन दिवसांसाठी मुलांना घेऊन शाळेच्या ओट्यावर गेली. पाऊस धो धो कोसळला, घरात थेंब नाही. दीर खूश!

"वहिनी, काय झकास घर झालंय हो! आता आम्ही येत जाऊ अधूनमधून."

सोमवारी विसर्जन झालं, आणि त्यांनी दाराला नवं कोरं कुलूप लावलं.

"अहो भाऊजी, आणि ही पोरंबाळं?"

"बघा ना दुसरं एखादं. गावात काय घरांना तोटा आहे?"

गाडी गेली. ग्रुपवर फोटो आला, खाली ओळ: गावाकडची मजाच वेगळी.

ओट्यावर तिचा नवरा बोचकी बांधत होता. परत धुळ्याला जाऊ म्हणत होता, मंगल कार्यालयात. मी तिथेच उभी राहून सुरतेपर्यंत ऐकू जाईल असा तोंडाचा पट्टा सोडला. माणुसकी मेली, लाजा कशा वाटत नाहीत, सगळं बोलून घेतलं. शेजारचे आबा तंबाखू मळत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "अक्का, तुन्या मांगन्या दोन खोल्या रिकाम्याच शेतस ना?"

आहेत, घराच्या मागच्या अंगाला. फरशीच्या, पंख्याच्या, पलंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या. मुलासाठी बांधल्यात. तो पुण्याला असतो. अख्ख्या गावाकडे किल्ल्या मागितल्या, पण ही एक कधी माझ्या मनातसुद्धा आली नाही. खरं सांगते, मला राग आबांचा आला.

"त्या मुलाच्या आहेत," मी म्हटलं. "दिवाळीला येणार आहे तो."

आबांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. त्याच्या वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तो फिरकलेला नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

ती बाई बोचकं खाली ठेवून पुढे आली. हळूच म्हणाली, "मग दिवाळीपर्यंत राहू?"

मी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "राहा," मी म्हटलं, "दिवाळीनंतरही राहा. तो यायचा नाही."