तिची गोष्ट माझ्या तोंडी

कृषीची पदवी हातात आली तेव्हा राहुरीला विद्यापीठाच्या गेटापासून चालत दहा मिनिटांवर आम्हा दोघींची एक खोली होती. मी नेवाशाकडची, ती श्रीगोंदा तालुक्यातल्या एका बाजारगावची. चार वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. आमच्या वर्गातली निम्मी मुलं स्पर्धा परीक्षेला लागली होती आणि उरलेली निम्मी खासगी कंपन्यांच्या मागे. एक जागा निघाली की तिच्यावर आमच्यासारखेच सगळे तुटून पडायचे. सगळ्यांची पदवी तीच, मार्क साधारण तेच, इतकंच काय, बायोडाटातली पहिली दोन वाक्यंसुद्धा तीच. त्यातून फिल्डच्या कामाला मुली घ्यायच्या म्हटलं की कंपन्या कां कूं करायच्या.

तिथं एक निवृत्त प्राध्यापक रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. फुकट. पण बोलायला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे सगळ्यांचे बायोडाटा टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि म्हणाले, "यातली नावं झाकली तर कुणाचा कुठला हे तुम्हाला तरी ओळखता येईल का?" मग त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. शेतात एखादी अडचण दिसली आणि तुम्ही स्वतः ती सोडवलीत, असं एक सांगा.

मी कॉलेजातला प्रकल्प सांगितला. ठिबकवरच्या टोमॅटोचा. सर शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"यात तू काय केलंस?"

"आम्ही पाच जण होतो, सर."

"ते कळलं. तू काय केलंस?"

मी फाईल तयार केली होती. खरं सांगायचं तर तेवढंच केलं होतं. आमच्या घरची चांगली पाटपाण्याची जमीन आहे, पण दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कधी बांधावर उभं केलं नाही. पोरगी शिकतेय, तिला उन्हात कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते सोयीचं होतं. कृषीची पदवी घेतलेली मी, आमच्या विहिरीवरची मोटार कुणीकडे आहे एवढंच मला माहीत होतं.

मैत्रिणीची पाळी आली तेव्हा तीही आधी प्रकल्पच सांगायला लागली. सरांनी तिला थांबवलं. "घरी काय करता?"

"अब्बांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. सुट्टीत मी बसते तिथं."

"मग तिथलं सांग."

तिला वाटत होतं त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडखळत अडखळत तिनं जे सांगितलं ते असं. एका हंगामात कांद्यावर फुलकिडे फार होते. शेतकरी दुकानात येऊन कुरकुर करायचे की औषधात दम राहिला नाही, दर खेपेला अजून जहाल घ्यावं लागतं. दुरुस्तीला आलेले पंप ती नुसते उघडून बघत होती. तिच्या लक्षात आलं की बहुतेकांची नोझलं झिजलीत, भोकं मोठी झालीत. फवारा बारीक पडायच्या ऐवजी जाड थेंब पडतात आणि कांद्याच्या गुळगुळीत पातीवरून ओघळून मातीत जातात. औषध चांगलंच होतं, ते पातीवर ठरतच नव्हतं. तिनं घरातला खुणा असलेला प्लास्टिकचा मग्गा आणला. ज्याचा पंप येईल त्याच्यासमोर एक मिनिट पाणी सोडायचं, मग्ग्यात मोजायचं, मग नवं नोझल बसवून परत मोजायचं. फरक डोळ्यांनी दिसायचा. अब्बांनी दुकानाच्या दारातच तो मग्गा टांगून ठेवला. हंगाम संपेपर्यंत आसपासच्या वस्त्यांवरचे लोक औषध घ्यायच्या आधी पंप मोजून घ्यायला यायला लागले.

ती बोलायची थांबली तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "हे तुझ्या बायोडाटात का नाही?"

"सर, ते दुकानातलं आहे."

सरांनी मला सांगितलं, "तू लिहिण्यात बरी आहेस. हिला हे नीट मांडून दे."

मी मांडून दिलं. मनापासून दिलं, हे मला आजही खरं वाटतं. रोज संध्याकाळी खोलीत मी मुलाखत घेणारा साहेब व्हायचे आणि ती समोर बसायची. ती मध्येच घाबरायची, क्रम चुकायची, मग्ग्याचं आधी सांगायची आणि फुलकिड्यांचं नंतर. मी म्हणायचे, "आधी तक्रार, मग कारण, मग मग्गा." पंधरा दिवसांत ती गोष्ट मला तिच्यापेक्षा चांगली पाठ झाली.

नगरला सावेडीत एका बियाणं आणि फवारणी साहित्य विकणाऱ्या कंपनीची मुलाखत निघाली. आमच्या भागासाठी एकच जागा. दोघींनी अर्ज केला, दोघींना बोलावणं आलं. सकाळच्या एसटीनं आम्ही एकत्रच गेलो. तिनं मला गाडीत डब्यातली पोळी दिली, माझी ओढणी सरळ केली. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस जण असतील. माझं नाव तिच्या आधी होतं.

आत तिघं होते. दोन पुरुष आणि मध्ये एक पन्नाशीच्या बाई. मी टोमॅटोचा प्रकल्प सुरू केला. डावीकडच्या साहेबांनी मोबाईल हातात घेतला. मी बोलत होते आणि मला दिसत होतं की मी आत्ताच, या क्षणी, संपत चालले आहे. बाईंनी मला थांबवलं. आवाज मऊ होता.

"हे सगळेच सांगतात. तुम्ही स्वतः शेतकऱ्याबरोबर काही केलंय का?"

मी म्हणाले, "हो, मॅडम. आमच्या गावात एका हंगामात कांद्यावर फुलकिडे फार होते."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मी ठरवून बोलले की आपोआप बोलले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आपोआप म्हणणं सोपं आहे. पण दुसरं वाक्य आपोआप येत नाही, आणि तिसरंही नाही. मी सगळं क्रमानं सांगितलं. आधी तक्रार, मग कारण, मग मग्गा. कुठंही अडखळले नाही. डावीकडच्या साहेबांनी मोबाईल पालथा ठेवला. त्यांनी विचारलं, "हे दुकान कुणाचं?" मी म्हणाले, "आमच्या गल्लीत आहे, ओळखीचं. मी तिथं जाऊन बसायचे." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या हसल्या.

मी बाहेर आले. ती लगबगीनं उठली. "कसं झालं?"

माझ्यानंतर अजून एक मुलगा आत जायचा होता. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तेवढ्या वेळात मी तिला सांगू शकले असते. 'तू दुसरं काहीतरी सांग' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती दुकानातल्या दुसऱ्या एखाद्या पंपाचं सांगू शकली असती, तिच्याकडे दुसऱ्या दहा गोष्टी होत्या. मी म्हणाले, "बरं झालं. अवघड काही नाही. शांतपणे बोल."

ती आत गेली आणि लवकर बाहेर आली. चेहरा उतरलेला होता, पण रडली नव्हती. आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो.

मग ती म्हणाली, "मी सुरुवात केली आणि ते एकमेकांकडे बघून हसले. एक साहेब म्हणाले, ही गोष्ट आज दुसऱ्यांदा ऐकतोय, कोणत्या क्लासवाल्यानं पाठ करून दिली? मला काही सुचेना. मी म्हणाले, माझ्या अब्बांचं दुकान आहे. तर ते म्हणाले, आधीच्या मुलीच्या गल्लीत होतं, ओळखीचं."

ती रस्त्यातच थांबली.

"तू सांगितलंस?"

"हो."

"मग्ग्याचंसुद्धा?"

"हो."

तिनं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यासारखी. परतीच्या गाडीत आम्ही शेजारीच बसलो, कारण दुसरी जागा नव्हती. राहुरी येईस्तोवर तिनं एकच वाक्य उच्चारलं. "अब्बांना तू ओळखीचं दुकान करून टाकलंस."

आठवड्यानं मला फोन आला. नोकरी लागली होती. दादांनी पेढे वाटले. ती तोवर खोली सोडून गेली होती. जाताना भांडली नाही. तिचा अर्धा कोपरा झाडून, तिची गादी गुंडाळून, किल्ली घरमालकिणीकडे देऊन गेली. ती मला शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा म्हणायचे. त्यातही माझी सोयच होती.

शरमेचा दुसरा धडा दोन महिन्यांनी मिळाला. कंपनीनं मला कशासाठी घेतलं होतं हे कंपनीच्या लक्षात होतं. नेवासा तालुक्यात एका गावी शेतकरी मेळावा होता आणि मुलाखत घेणाऱ्या त्याच मॅडमनी मला सांगितलं, "तुमचं ते नोझलचं प्रात्यक्षिक तिथं करून दाखवा." शाळेच्या पटांगणात शंभरएक माणसं बसली होती. बोलायला मला काही अडचण नव्हती. पण पंप हातात घेतला आणि नोझल फिरवलं तर ते फिरेना. जोर लावला, तशी आतली रबराची वायसर आणि जाळी निसटून मातीत पडली. ती कुठल्या क्रमानं बसवायची हे मला माहीत नव्हतं. मी ते कधीच केलेलं नव्हतं. पुढे बसलेले एक म्हातारे उठले, मातीतून दोन्ही तुकडे वेचले, धोतराला पुसले आणि बसवून दिले.

"ताई, तुमी बोला," ते म्हणाले. "हे आमी करतो."

लोक हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. मी उरलेलं भाषण खाली बघून संपवलं.

त्यानंतरच्या रविवारी मी तिच्या गावी गेले. माफी मागायला गेले असं मी स्वतःला सांगत होते, पण नोझल शिकायचं हेही मनात होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ती घरी नव्हती. दुकानात तिचे अब्बा होते. मी पूर्वी एकदा त्यांच्याकडे जेवून आले होते, त्यांनी लगेच ओळखलं.

"ये, पोरी. बस. लई दिवसांनी आलीस." त्यांनी स्टूल पुसून दिलं. "तुला नोकरी लागली म्हनं. ती सांगत हुती. लई बेस झालं."

"अजून काय म्हणाली ती, चाचा?"

"अजून काय? म्हनली, एकच जागा हुती, तिला मिळाली. हुशार हाय ती." ते चहा सांगायला उठले. "हिचं बी हुईल कुठंतरी. आल्ला हाय."

तिनं घरात काहीच सांगितलं नव्हतं. मी तिथं बसून त्यांचा चहा प्यायले. कंपनीत काय काम असतं असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, नोझलचं दाखवावं लागतं, मला जमत नाही. त्यांनी एक पंप पुढ्यात ओढला आणि मला शिकवलं. जाळी आधी, मग वायसर, मग चकती, जोर बोटांनी, पकडीनं नाही. माझं चुकलं की परत उघडायला लावायचे. तासभर त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. ज्या माणसाला मी मुलाखतीत गल्लीतला ओळखीचा केलं होतं, त्यानं मला त्या नोकरीला लायक करायला घेतलं होतं. आणि मी त्यांनाही खरं सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, "आता कर बरं एकटीनं," आणि मी केलं.

ती आली तेव्हा मी निघायच्या बेतात होते. तिनं माझ्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. एसटी स्टँडपर्यंत ती सोबत चालत आली, अब्बांनी सांगितलं म्हणून. मी म्हणाले, मी चुकले. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग."

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं, आणि गेली तर बरं, सुटले, असंही. त्यांनी हातातलं पेन बंद करून ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या मुलीला आम्ही हसलो होतो." त्यांनी माझ्याकडून नंबर घेऊन माझ्यासमोर तिला फोन लावला, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी सांगितली आणि शेजारच्या भागात जागा निघतेय, याल का, असं विचारलं. तिनं नको म्हटलं. आदल्या दिवशी ती कर्जतकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत जाऊन आली होती आणि तिथं तिला काम मिळालं होतं. मॅडमनी फोन ठेवला आणि मला काढलं नाही. "काम शिका," एवढंच म्हणाल्या. त्या पुढं माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, पण पहिल्या दिवशीसारख्या हसल्याही नाहीत.

मी अजून तिथंच आहे. नोझल आता डोळे मिटून उघडते. मेळाव्यात मग्ग्याचं सांगताना मी म्हणते की हे माझ्या मैत्रिणीनं आणि तिच्या वडिलांनी शोधलं. लोकांना त्यानं काही फरक पडत नाही, ते पंप बघत असतात.

गेल्या वर्षी विद्यापीठात एका प्रशिक्षणाला ती भेटली. दुपारच्या सुट्टीत आम्ही कँटीनबाहेर उभं राहून चहा घेतला. तिनं दादांच्या गुडघ्याचं विचारलं, मी अब्बांच्या डोळ्यांचं. ती आता आठ गावं बघते, हाताखाली दोन माणसं आहेत. मी म्हणाले, "त्या दिवशी तू आत जायच्या आधी..."

"तेवढं नको," ती म्हणाली. रागानं नाही. मग घड्याळ बघितलं, कप ठेवला आणि पुढच्या सत्राला आत गेली. मी आत गेले तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी मागच्या रांगेत जाऊन बसले.